धवल्यातली दोन नावं

हरेश्वरने फोन पितळी तांब्याला टेकवून पाटावर उभा केला, आवाज जाईल तेवढा वर नेला आणि गोदूआत्याच्या तोंडाकडे बघत गाणं सुरू केलं.

आत्या ओटीवर पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे फोनमधलं चित्र म्हणजे तिला नुसता एक उजळ चौकोन. त्यात तिला काडीचा रस नव्हता. कान मात्र शाबूत होते. नागावातल्या आगरी घरांतली पिढ्यानपिढ्यांची लग्नं तिने धवले गाऊन लावली होती. भटजी मंगलाष्टकं म्हणून, दक्षिणा घेऊन मोकळे होत. पण मांडव उभा राहिल्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत ज्या त्या विधीचा धवला गाणारी धवलारीण ती. तिने गायलं नाही तर लग्न लागलं असं जुनी माणसं मानतच नसत.

गाण्यात आधी सनई आली, मागून ढोलक.

"धवल्याला ढोलक कशाला रं?"

"ते आपोआप येतं. ऐक तर."

मग बाईचा आवाज आला. स्वच्छ, बातम्या देणाऱ्या बाईने मध्येच गायला घ्यावं तसा.

*नारळी-पोफळीच्या वाडीत मांडव सजला,*
*हरेश्वर नवरा गं बाशिंग ल्याला;*
*जयमाला नवरी गं माहेराची सावली,*
*उभ्या जन्माची वाट हिनं एकटीनं चालली.*

आत्याच्या हातातला अडकित्ता थांबला. हरेश्वरला वाटलं, रंगली म्हातारी. कौतुक व्हायच्या बेतात असलेला माणूस जसा मुद्दाम दुसरीकडे बघतो तसा तो वाडीतल्या पंपाकडे बघत राहिला.

"परत लाव," आत्या म्हणाली.

त्याने परत लावलं. या खेपेला तिने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर कातरलेली सुपारी डबीत भरली, झाकण लावलं.

"कुनाचं लगीन लावलंस ह्ये?"

"कुनाचं न्हाय आत्ये. ट्रायल हाय ती."

"ती कोन?"

आता ट्रायल कोण हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. हरेश्वरने आपल्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी अमिषा लग्न होऊन खारघरला. खोल्यांची जाहिरात करायला म्हणून तिनेच त्याच्या फोनमध्ये चित्रं आणि गाणी बनवणारं ते एआयचं यंत्र घालून दिलं. पहिल्या व्हिडिओत यंत्राने नागावच्या किनाऱ्यामागे बर्फाचे डोंगर उभे केले. ते बघून पुण्याचं एक कुटुंब खरंच आलं आणि डोंगर कुठे आहेत विचारू लागलं. त्यांना त्याने वाटीवर वाटी सोलकढी पाजून गप्प केलं. पण चटक लागली ती लागलीच. मग विहिरीवर गाणं झालं, चालू न होणाऱ्या पंपावर झालं, थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीवर तर तीन झाली. शब्द त्याचे, गळा यंत्राचा. भजनी मंडळात जन्मभर त्याला शेवटच्या रांगेत टाळ देऊन बसवलं होतं, तेही नुसते ओठ हलव अशी प्रेमाची सूचना देऊन. आता त्याला गळा फुटला होता. पाहुण्यांची जेवणं आटोपली की तो पंपाच्या खोपीत जाऊन बसे, कारण वाडीत रेंज तिथेच, आणि संध्याकाळ कधी झाली ते त्याला कळत नसे. माणूस सुखी होता, आणि आपण सुखी आहोत की नाही ते तपासून बघायला त्याला सवड नव्हती.

त्याची ही कीर्ती शेजारच्या सदाच्या कानावर गेली. सदाच्या मुलाचं, गणराजचं लग्न ठरलं होतं. आजकाल लग्नाला मांडवात मोठा पडदा लावतात, त्यावर दाखवायला नवरानवरीच्या नावाचा धवला आणि वर हलतं चित्र असं त्याने हरेश्वरला मागितलं. आत्याचा गळा थकलेला, तेव्हा हे काम आपल्याकडे आलं याचा हरेश्वरला थोडा माजच आला होता. पण धवल्यातली अर्धी रीत त्याला ठाऊक होती: मांडव उभा राहायच्या आत नवऱ्याचं नाव अर्ध्याकच्च्या गाण्यात घेऊ नये, विघ्न येतं. म्हणून चाल जमते का बघायला त्याने गणराजऐवजी स्वतःचं नाव घातलं. नवरीच्या जागी हाताला आलं ते घातलं. अर्धी रीत माहीत असलेला माणूस हा काहीच माहीत नसलेल्यापेक्षा जास्त खड्ड्यात जातो, तो असा.

हे सगळं त्याने आत्याला आपल्या परीने सांगितलं. ती ऐकून घेत होती.

"मी पन पोरींना धवले शिकवले," ती म्हणाली. "शिकवताना नावं कुनाची घेतात म्हाईत हाय?"

"कुनाची?"

"रामाची नि सीतेची. त्यांचं लगीन लागलेलंच हाय. पुन्ना लागलं तरी बिघडत न्हाय." तिने पाय जवळ ओढून घेतले. "जित्या मानसांची नावं धवल्यात एकत्र आली नि कुनी कानांनी ऐकली, की लागलं. मी ऐकली. दोनदा."

"दुसऱ्यांदा तूच लावायला सांगितलंस."

"पैल्यांदा नीट ऐकू आलं न्हवतं."

हरेश्वर हसला, पण आत्या हसली नाही, तेव्हा त्याने हसणं आवरतं घेतलं.

"पुसून टाकतो. एक बोट लावलं की गेलं."

"तुझ्या फोनातनं जाईल. माझ्या कानातनं कसं पुसशील?" आत्याने हाताने चाचपत कोनाड्यातून तांदळाचा डबा ओढला, मूठभर तांदूळ कागदात बांधले आणि पुडी त्याच्यासमोर ठेवली. "बाईनं मोडलं तरच मोडतं. तिला जाऊन ऐकव. ती नको म्हनली तर तिच्याच हातानं ह्ये तांदूळ पान्यात सोडायला लाव. मोकळा झालास."

"आत्ये, तिला असं कसं ऐकवू?"

"मना ऐकवलंस तसं." मग जरा थांबून तिने विचारलं, "हाताला दुसरं कोनतं नाव कसं आलं न्हाय?"

हरेश्वरने फोन आणि पुडी दोन्ही खिशात घातली. ओटीवरून उतरताना त्याला मागून अडकित्त्याची कटकट पुन्हा सुरू झालेली ऐकू आली.

जयमालाचं घर दोन वाड्या पलीकडे. ती आणि हरेश्वर शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे अरे-तुरे. बाप लवकर गेला, पाठीवर दोन भाऊ. त्यांची शिक्षणं, नोकऱ्या, लग्नं करता करता हिचं वय कधी निघून गेलं ते हिच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही. भाऊ आता अलिबागला आणि पेणला. ही एकटी घरी राहून आसपासच्या खोलीवाल्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून देई. हरेश्वर रोज दुपारी भाकऱ्या न्यायला जाई. मागच्या दाराच्या पायरीवर बसे. पाहुण्यांपैकी कोण मासे हाताने खायला लाजतं, सुरमई काय भावाने गेली, पंप चालू झाला का, असल्या गोष्टी होत. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यात भरून होईतो, फार तर दहा मिनिटं. पण ती दहा मिनिटं त्याच्या दिवसाचा कणा होती. आज हे गाणं ऐकवल्यावर ती बिथरली, तर उद्यापासून भाकऱ्या दुसरीकडून आणता येतील. ती दहा मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इतकी वर्षं त्याने ती इतकी घट्ट झाकली होती की आत काही आहे हे तोही विसरला होता, आणि एका यंत्राने ती उघडून ओटीवर ठेवली होती.

वाटेत त्याने अमिषाला फोन लावला.

"पप्पा, सिंपल आहे ना," ती म्हणाली. "नावं चेंज करा, राम-सीता टाका, परत जनरेट करा. एवढं काय टेन्शन घेताय? आणि आत्याआजीचा हा नियम मी तर पहिल्यांदाच ऐकतेय."

"मी पन."

"नाव कुणाचं टाकलंत तुम्ही?"

"असंच. एक."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"जयमालामावशीचं?"

हरेश्वर कुंपणाशी थांबला. "तुला कोनी सांगितलं?"

"पप्पा, दिवसभर तुम्ही बनियनवर असता. भाकऱ्या आणायला जाताना तेवढा शर्ट घालता. मी सुट्टीला आले की बघते ना." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "जा. ऐकवा तिला. मला काय वाटेल याचा विचार नका करू. मला बरंच वाटेल."

त्याने फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने त्याच शर्टाच्या बाहीला पुसलं आणि पुढे निघाला.

जयमाला चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याची चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाली, "आज लवकर? नि डबा कुठं हाय?"

डबा तो विसरला होता. असं आजवर झालं नव्हतं.

"एक दाखवायचं हाय तुला."

"दाखव. तूच धर, माझे हात पिठाचे हायेत."

तो आत येऊन तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि फोन तिच्यासमोर धरला. व्हिडिओ सुरू झाला. नारळाच्या वाडीत मांडव, समुद्र पार मांडवाच्या खांबाला टेकलेला, आणि वरातीत एक हत्ती.

"नागावात हत्ती?"

"ते आपोआप येतं."

मग बाशिंग बांधलेला नवरा आला. यंत्राला हरेश्वरने आपलाच फोटो दिला होता. नाक, कपाळ त्याचंच. मिशा मात्र काळ्याभोर आणि दुप्पट. जयमालाला हसू आवरेना. "मिशा कुनाच्या मागून आनल्यास?" ती म्हणाली आणि मनगटाने डोळे पुसू लागली. तेवढ्यात बाईच्या आवाजात त्याचं नाव आलं, त्यामागून तिचं आलं.

ती हसायची थांबली. गाणं पुढे जाऊन संपलं. तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास येईपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिने भाकरी उलटली. काळा डाग पडला होता. तिने ती बाजूला, स्वतःच्या ताटात ठेवली.

"शब्द मशीननं केले?"

"न्हाय. माझे हायेत."

"'एकटीनं चालली'. ह्ये कोनी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? दिसतं."

मग हरेश्वरला राहवेना आणि तो भडाभडा बोलू लागला. गणराजचं लग्न, मांडवातला पडदा, अर्ध्याकच्च्या गाण्यातलं विघ्न, राम-सीता, आत्या, सगळं त्याने एका दमात सांगितलं, आणि ज्या क्रमाने सांगायला हवं त्याच्या बरोबर उलट क्रमाने सांगितलं. शेवटी खिशातली पुडी काढून चुलीशेजारच्या पाटावर ठेवली.

"आत्या म्हनते, तू नको म्हनलीस की मोडलं. ह्ये तांदूळ तुझ्या हातानं पान्यात सोडायचे. मी माफी मागायला आलोय. तुझं नाव न विचारता घेतलं मी."

जयमालाने पुडीकडे बघितलं. उघडली नाही.

"परत लाव," ती म्हणाली. "नवरी येते तिथं थांबव."

त्याने थांबवलं. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली एक मुलगी होती. गोरीपान, नाक धारदार, नाकात मोत्यांची नथ, आणि वय विशीच्या आतबाहेर. जयमाला वाकून तिच्याकडे बघत राहिली. पोरगी बघायला आलेली मावशी बघते तशी, खोट काढायच्या नजरेने.

"ही कोन?"

"मशीननं केली. तुझा फोटो न्हवता माझ्याकडं."

हे खरं होतं. त्याच्या फोनमध्ये विहीर होती, पंप होता, एसटी होती, येऊन गेलेल्या पाहुण्यांची पोरं होती. जयमालाचा फोटो एकही नव्हता. काढायची इच्छा नव्हती म्हणून नव्हे. मागायची हिंमत झाली नव्हती.

"नाव माझं नि तोंड हिचं," जयमाला म्हणाली. "मंग लगीन लागलं कुनाशी? मोडायला आधी मी त्यात असायला तर पायजे. ह्यात मी हायेच कुठं?"

हरेश्वरने हा विचार केला नव्हता. आत्यानेही केला नसणार, तिला चित्र दिसलंच नव्हतं. म्हणजे लागलंच नव्हतं. तांदूळ सोडायची गरज नव्हती, माफीची नव्हती, उद्याच्या भाकऱ्या ठरल्याप्रमाणे मिळणार होत्या. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट काहीतरी हातात आलेलं निसटलं असं वाटून त्याला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला तो उठला.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "डबा घेऊन येतो मी."

"थांब."

तिने तवा उतरवून ठेवला. पाटावरची पुडी उचलली आणि त्याच्यापुढे धरली. "ही आधी खिशात घाल."

त्याने घातली.

मग ती मागच्या दारात, तो रोज जिथे बसायचा त्या पायरीवर येऊन बसली. बाहेर पोफळींमधून उजेड येत होता. तिने केसांच्या कडेला आलेली बट पिठाच्या बोटांनी मागे सारली, त्यामुळे केसांना पीठ लागलं. ते तिच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी तिने झटकलं असतं असं दिसत नव्हतं. तिने खांद्यावरून पदर सारखा केला आणि मान सरळ धरली.

"काढ आता," ती म्हणाली. "नि मशीनला सांग, उगा गोरी करू नको."

हरेश्वरने फोटो काढला. पहिला चांगला आला होता, तरी त्याने आणखी एक काढला.